प्रश्न क्रमांक सदतीस

“काल रात्री तुम्ही कुठे झोपलात?” समोरच्या बाईंनी विचारलं, तेव्हा मी त्यांच्या उजव्या बाहीच्या बटणाकडे बघत होतो. ते एका दोऱ्यावर लोंबत होतं. आज नाही तर उद्या पडणार, आणि पडलं की तसलंच बटण शोधत त्या चार दुकानं पालथी घालणार. हाताशी सुई असती तर एका मिनिटाचं काम. छत्तीस प्रश्न झाले होते आणि छत्तिसांचीही उत्तरं मी सरळ टीप मारावी तशी दिली होती. लग्न कधी झालं, साक्षीदार कोण, बायकोच्या आईचं नाव काय, घराच्या किल्ल्या किती, सकाळी आधी कोण उठतं. त्यात मध्येच हा. आम्ही पाठ केलेल्या यादीत तो होता, पण असा नव्हता. यादीत होतं, कोण कुठल्या बाजूला झोपतं. काल रात्रीचं कुणी विचारलं नव्हतं. “पलंगावर,” मी म्हणालो, “उजव्या बाजूला. ती डावीकडे.” बाईंनी ते टाइप केलं. जेमतेम दहा-बारा वेळा टकटक झाली. काल रात्री मी पलंगावर झोपलो नव्हतो. चार महिने झोपलो नव्हतो.

मुलाखत झालेल्या माणसाला तिथे आल्या दाराने जाऊ देत नाहीत. मला मागच्या दाराने एका लांब पॅसेजमध्ये सोडलं आणि पुढच्या दाराने माझ्या बायकोला आत बोलावलं. आम्ही एकमेकांना डोळ्यांनीसुद्धा काही सांगू नये, असा बंदोबस्त. पॅसेजमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या आणि भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी. मी शांतताच राखतो. माझी हयात त्यात गेली आहे. ती परदेशी. माझ्याशी लग्न केलं म्हणून तिला दोन वर्षं इथे राहायची परवानगी मिळाली होती, आणि ती मुदत दोन महिन्यांत संपणार होती. आता कायमची परवानगी द्यायची की नाही हे त्या बटणवाल्या बाई ठरवणार होत्या. त्यांना एकच गोष्ट तपासायची होती, की हे लग्न खरं आहे की नुसतं कागदासाठी केलेलं. खरं ठरलं तर ती राहील. खोटं ठरलं तर तीस दिवसांत देश सोडायचा. आणि आमचं लग्न खरं होतं हो. हे मी मनातल्या मनात कुणाला पटवून देत होतो कोण जाणे, पॅसेजमध्ये तर चिटपाखरू नव्हतं.

ती पहिल्यांदा माझ्या शिंपीकामाच्या दुकानात आली तेव्हा तिला आमच्या भाषेतलं अक्षर येत नव्हतं. शहराबाहेरच्या रोपवाटिकेत कामाला आली होती, कलमं बांधायला. हातात एक विजार आणि चेहऱ्यावर हसू. मी विजारीची कंबर चिमटीत धरून “घट्ट?” म्हटलं, मग चिमूट सोडून “सैल?” म्हटलं. हे दोन शब्द ती घेऊन गेली आणि पुढच्या आठवड्यात दुरुस्तीला काहीही नसताना परत आली. पुढे कितीतरी दिवस ती या दोनच शब्दांवर संसार करू शकली असती. चहा घट्ट, रविवार सैल, माझ्या ताईचा स्वभाव फार घट्ट. ताईला हे कळलं तेव्हा ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. माझी चाळिशी उलटून गेली होती आणि ताईने माझ्यासाठी मुली बघायचं कधीच सोडून दिलं होतं. लग्नाच्या दिवशी ती सगळ्यांना सांगत सुटली, “घोडं गंगेत न्हालं बाई एकदाचं.” तिनेच बायकोचं नाव ‘पाहुणी’ पाडलं, आणि मग सगळी गल्लीच तिला पाहुणी म्हणू लागली. मला ते जरा टोचायचं. एकदा मी तिला अर्थ समजावून सांगितला, म्हटलं, तुला आवडत नसेल तर बंद करायला सांगतो. ती विचार करून म्हणाली, “पाहुणीला चांगलं ताट मिळतं. असू दे.”

दोन वर्षांपूर्वीची पहिली मुलाखत म्हणजे आम्हाला गंमतच वाटली होती. आमचे सगळे कागद भरून देणारा एक माणूस आहे, त्याला आम्ही अर्जवाला म्हणतो. तेव्हा त्याने एकशेवीस प्रश्नांची यादी दिली होती. आम्ही कापड कापायच्या टेबलाच्या दोन बाजूंना बसून एकमेकांची परीक्षा घ्यायचो. माझ्या दाढीच्या ब्रशचा रंग तिला सांगता येईना, तर तिने तो ब्रशच आणून यादीवर ठेवला. माझ्या पायाच्या अंगठ्यावरचा व्रण कशाचा, हे तिने मला सांगितलं. मी विसरलो होतो. यंदाही तीच यादी, तेच टेबल. फक्त हसू नव्हतं. ती प्रश्न वाचायची, मी उत्तर द्यायचो, ती पुढे जायची. “कुठल्या बाजूला झोपतोस?” तिने वाचलं. “उजव्या,” मी म्हणालो. तिने मान वर केली नाही. कागदावर बोट ठेवून थोडा वेळ तशीच बसली आणि मग पुढचा प्रश्न वाचला. मला वाटलं, ठरलं. आम्ही दोघांनी न बोलता ठरवून टाकलं, की हे असंच सांगायचं. आता पॅसेजमध्ये बसून ते बोट पुन्हा डोळ्यांसमोर आलं, आणि वाटलं, तिने नेमकं काय ठरवलं हे आपण विचारलंच नाही.

माझे वडील शिंपी होते. त्यांनी मला मशीनआधी एक गोष्ट शिकवली. गिऱ्हाईक उभं राहिलं की त्याचा एक खांदा उतरलेला असतो, कुणाची पाठ वाकलेली असते, कुणाचा एक हात बोटभर लांब असतो. ते दिसलंच पाहिजे, आणि बोलायचं मात्र नाही. उतरलेल्या खांद्यात गुपचूप एक पॅड घालायचं. माणूस आरशात सरळ दिसतो, खूश होऊन घरी जातो आणि त्याला आयुष्यभर कळत नाही. “शिंप्याने डोळस असावं आणि मुकं असावं,” ते म्हणायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची. तीस वर्षं मी लोकांचे खांदे सरळ करतो आहे. त्या बाईंनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो असं मला अजूनही म्हणवत नाही. मी पॅड घातलं. सवयीने हात गेला.

पाचव्या महिन्यात आमचं मूल गेलं. हे वाक्य मी तेव्हा कुणापाशी उच्चारलं नाही. जे काय सांगायचं ते ताईने सगळ्यांना सांगितलं. त्याआधी दर महिन्याला मी पाहुणीचे तीन झगे कमरेत उसवून थोडे थोडे सैल करत होतो. ती टेबलाशी उभी राहायची, हात वर करून, आणि मी टेप लावून आकडा म्हणायचो. आकडा वाढला की ती टाळी वाजवायची. इस्पितळातून आल्यावर आठव्या दिवशी ते तिन्ही झगे घडी घालून माझ्या मशीनवर ठेवलेले दिसले.   मी सगळ्या शिवणी उसवल्या, आत घेतल्या, टीप मारली, इस्त्री केली आणि कपाटात ठेवून दिले. काम चांगलं झालं होतं. कुठे मोठे केले होते हे शोधूनही सापडलं नसतं. माझ्यासारखा हुशार कारागीर मीच. बायको पलीकडच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली, आणि मी इथे जुन्या टिपेची भोकं दिसू नयेत म्हणून कापड नखाने घासतोय.

टेबलावर झोपायचंही कुणी ठरवलं नव्हतं. इस्पितळातून आल्यावर ताई सोबतीला आली आणि पलंगावर पाहुणीशेजारी झोपू लागली. मी बाहेर दुकानाच्या खोलीत टेबलावर पथारी टाकली. पंधरा दिवसांनी ताई गेली. त्या दिवशी मी उशी घेऊन आतल्या दारापर्यंत गेलो होतो. दार लोटलेलं होतं. वाटलं, ती हाक मारेल. तिला जागा हवी असेल, तिच्या अंगाला आत्ता कुणाचा हात नको असेल, आपण कशाला घुसायचं. परत आलो. दुसऱ्या दिवशी दारापर्यंतही गेलो नाही. टेबल लांबीला पुरतं, फक्त कडक आहे, आणि मोजपट्टीच्या खुणा कुशीला लागतात. दाराजवळच्या खुंटीवर एक मोठा राखाडी कोट होता, शिवून तयार. गिऱ्हाईक शहर सोडून गेलं ते न्यायला आलंच नाही. सकाळी उठलो की तो कोट माझ्या अंगावर असायचा. झोपेत उठून मीच ओढून घेत असेन, असं मी धरून चाललो. आपला हात आपल्यापेक्षा शहाणा आहे म्हणून स्वतःशी हसलोदेखील. उठलो की तो झटकून खुंटीला लावायचा, पथारी गुंडाळायची आणि दुकान उघडायचं.

ती मागच्या दाराने बाहेर आली तेव्हा पाऊण तास झाला होता. बसमध्ये खिडकीची जागा तिला दिली. दोन थांबे गेल्यावर मी विचारलं, “काय काय विचारलं?”

“सगळं,” ती म्हणाली. “किल्ल्या. आईचं नाव. तू कुठे झोपतोस.”

“मग?”

“मग काय? सांगितलं.”

मी तिकिटाची घडी घालत राहिलो. तिने माझ्याकडे बघितलं, तू काय सांगितलंस हे विचारणारं ते बघणं होतं. मला कळलं, आणि मी खिडकीबाहेरच्या एका पाटीवरचं अक्षर वाचत बसलो. घरी गेल्यावर अर्जवाल्याचा फोन आला. “कशी झाली, मास्तर?” म्हणाला, “चांगली झाली असेल तर उत्तम. पण काही चुकूनमाकून तोंडातून गेलं असेल तर आत्ताच बोला. तीन दिवसांत लेखी दुरुस्ती देता येते. फक्त कारण लिहावं लागतं. तीन दिवसांनंतर देवही काही करू शकत नाही.” मी म्हटलं, “नाही, तसं काही नाही.” फोन ठेवला आणि चार विजारींची दुमड घातली. पाहुणी स्टुलावर बसून बटणं लावत होती. तीन दिवस.

पहिल्या दिवशी मी कागद घेतला. ‘मी दिलेल्या उत्तरात दुरुस्ती करू इच्छितो. मी दुकानाच्या खोलीत झोपतो.’ इथवर आलं. पुढे ‘कारण’ लिहून दोन टिंबं दिली. त्यापुढे जे लिहायचं ते मी तिच्याजवळ बोललो नव्हतो, ते एका अनोळखी बाईला कसं लिहू? आणि हे लिहिलं तर त्याचा अर्थ काय होतो? की आमच्यात काही उरलं नाही म्हणून मी बाहेर झोपतो? तसं असेल तर? तिने मला हाक मारली नाही हे तर खरंच होतं. त्या दोन टिंबांपुढे बसून मला वाटायला लागलं, की कदाचित तपासणीसबाईंना जो संशय आहे तोच बरोबर आहे, हे लग्न आता नुसतं कागदावरचं उरलं आहे आणि ते फक्त मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी एका नवऱ्या मुलाचा सूट होता, त्याचा डावा खांदा उतरलेला. तिसऱ्या दिवशी दुपारी ताई आली. डब्याचं झाकण उघडत म्हणाली, “अरे, तुम्ही दोघं अशी काय? घरात कुणी बोलतं की नाही?” पाहुणी म्हणाली, “बोलतो ना. मशीन बोलते.” ताई हसली नाही. मी हसलो. चार वाजता कचेरी बंद झाली. तो कागद मी खिशात ठेवला होता, तो धुण्यात गेला.

पाच आठवड्यांनी निकाल आला. मी कापड आणायला बाजारात गेलो होतो. परत आलो तर माझ्या मशीनवर, कात्रीखाली, घडी घातलेले चार कागद ठेवलेले. त्या तीन झग्यांसारखेच. पाहुणी तिच्या स्टुलावर होती आणि बटण लावत होती. मी उभ्यानेच वाचलं. पहिल्या पानावर अर्ज नामंजूर. तीस दिवसांत देश सोडणे. नव्याने अर्ज करायचा तर बाहेरूनच करता येईल आणि एक वर्षानंतर. दुसऱ्या आणि तिसऱ्या पानावर आमच्या दोघांची उत्तरं शेजारी शेजारी छापली होती, जुळली तिथे बरोबरच्या खुणा, पानभर खुणाच खुणा. चौथ्या पानावर एकच प्रश्न होता. मला तो आता तोंडपाठ आहे.

‘प्रश्न क्र. ३७. पती : पलंगावर, उजव्या बाजूस, पत्नीशेजारी झोपलो. पत्नी : पती दुकानाच्या खोलीत कापड कापण्याच्या टेबलावर झोपतात. गेले चार महिने तसेच झोपतात. त्याचे कारण विचारले असता, त्यांना फार दुःख झाले आहे, असे सांगितले. पत्नी दररोज पहाटे उठून खुंटीवरील कोट पतीच्या अंगावर घालते. तसे का, असे विचारले असता, पहाटे गारठा पडतो, असे सांगितले. कोट कोणी घातला याची पती चौकशी करतात काय, असे विचारले असता, नाही, असे सांगितले. उभयतांच्या उत्तरांत मूलभूत विसंगती आढळते. सबब वैवाहिक सहजीवन सिद्ध होत नाही.’

मी खुंटीकडे बघितलं. कोट होता तिथेच होता, सकाळी मीच झटकून लावलेला. तिच्या हातातलं बटण लावून झालं होतं. तिने दोरा दातांनी तोडला आणि दुसरं बटण घेतलं. मी स्टुलापाशी जाऊन खाली बसलो. गुडघे कटकन वाजले.

“तू मला का नाही सांगितलंस?” मी म्हणालो.

“काय?”

“हे. कोटाचं. आणि ते... मला फार दुःख झालंय ते.”

तिने सुई कापडात खोचून ठेवली. “तू विचारलं नाहीस,” ती म्हणाली. “त्यांनी विचारलं.”

मग मी रडलो. दुकान उघडं होतं, रस्त्यावरून माणसं जात होती, आणि एक बाई ब्लाउजचं माप द्यायला दारात येऊन तशीच परत फिरली. पाहुणीने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ती तिच्या भाषेत काहीतरी बोलत राहिली. ते मला कळलं नाही. तिच्या भाषेतले मी किती शब्द शिकलो, हे त्या यादीत कुणी विचारलं नव्हतं, म्हणून बचावलो होतो.

तीस दिवस फार असतात आणि पुरत नाहीत. अर्जवाला येऊन डोक्याला हात लावून बसला. “मास्तर, तीन दिवस होते हो तुमच्या हातात,” एवढंच म्हणाला. ताईने आधी मला वाट्टेल ते बोलून घेतलं आणि मग पाहुणीला जवळ घेऊन ओक्साबोक्शी रडली. मी टेबलावरची पथारी उचलली. रोज आम्ही बोलत होतो. इतकं बोलणं साठलं होतं की कुठलं टोक धरावं कळत नव्हतं. मूल मुलगी होती हे तिला माहीत होतं, मला माहीत नव्हतं. इस्पितळात तिला सांगितलं होतं. मी विचारलं नव्हतं. तिने तिला एक नाव ठेवलं होतं, तिच्या भाषेतलं. ते तिने मला दोनदा म्हणून दाखवलं आणि मी बरोबर म्हणेपर्यंत माझ्याकडून घोकून घेतलं.

जायच्या चार दिवस आधी मी तो राखाडी कोट खुंटीवरून काढला. तिच्या गावी थंडी जास्त. तिच्या मापाचा करायचा म्हणून तिला टेबलाशी उभं केलं. तिने सवयीने हात वर केले. मी टेप लावला आणि आकडा मोठ्याने म्हणालो. मग खांद्यांवर टेप धरला. डावा खांदा अर्धा इंच उतरला होता. पूर्वी नव्हता, तिची सगळी मापं माझ्या वहीत आहेत. वडील आठवले. पॅडचा डबा हाताशी होता.

“तुझा डावा खांदा उतरलाय,” मी म्हणालो.

“माहीत आहे,” ती म्हणाली. “तू दिसावास म्हणून डाव्या कुशीवर, दाराकडे तोंड करून झोपायचे. दार उघडं ठेवून.”

दार ती लोटून ठेवायची असं मी समजत होतो. उघडं ठेवलं तरी ते दार अधूनमधून आपोआप लोटलं जातं, बिजागरी ढिली आहे म्हणून. ती मी दुसऱ्या दिवशी बसवली. कोटात पॅड घातलं नाही. तो डावीकडे थोडा ओघळतो, आणि ती तो घालून विमानतळाच्या काचेच्या दारातून आत गेली तेव्हा मी त्या ओघळावरूनच तिला शेवटपर्यंत ओळखत राहिलो.

याला आता वर्ष होत आलं. पाहुणी तिकडून नवा अर्ज करते आहे, त्यातला माझा भाग भरायला अर्जवाला काल दुकानात आला होता. यावेळी नवऱ्याचं निवेदन वेगळं जोडावं लागतं. मागच्या वेळी चुकीचं उत्तर का दिलं, त्यासाठी त्यात मोठा चौकोन आहे. ‘पाचव्या महिन्यात आमची मुलगी गेली’ इथून मी सुरुवात केली आणि तो चौकोन भरला, मागचं पानही भरलं. अर्जवाला वाचत असताना एकदाही वर बघेना. परवानगी मिळेल की नाही हे त्याला सांगता येत नाही. एकदा खोटं सापडलं की दहादा तपासतात, म्हणाला. शेवटच्या पानावर प्रश्न होता, सध्या आपण कुठे व कसे राहता. मी लिहिलं : दुकानामागच्या खोलीत. पलंगावर, उजव्या बाजूला झोपतो. डावी बाजू रिकामी आहे. पहाटे गारठा पडतो.

“मास्तर, हे शेवटचं वाक्य लागत नाही त्यांना,” अर्जवाला म्हणाला.

“असू द्या,” मी म्हणालो. “त्यांनी विचारलंय.”